विश्लेषण : घरातील जमीन का खचते? त्यावर नवी फरशी टाकणे धोक्याचे का?

कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला. तो खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन तळापर्यंत गेला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्याआधी १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील चिंटेल्स पॅराडिसो संकुलात सहाव्या मजल्यावरील घराचे नूतनीकरण सुरू असताना स्लॅब असाच एकावर एक कोसळत गेला. तेथे दोन महिलांचा जीव गेला. पहिली इमारत जुनी, दुसरी अवघ्या काही वर्षांची. फरशी बदलणे हे घरातील सर्वात निरुपद्रवी काम समजले जाते. गवंडी येतो, जुनी लादी काढतो किंवा तिच्यावरच नवी बसवतो आणि खोलगट झालेली जमीन पुन्हा सपाट दिसू लागते. मात्र जमीन मुळात खोलगट का झाली, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

जमीन खचली हे कसे ओळखायचे?

खोलीच्या मधोमध पाणी साचणे, टेबल किंवा कपाट डुगडुगणे, सांडलेले तेल एकाच बाजूला वाहणे ही पहिली लक्षणे. दार अचानक चौकटीला घासू लागते. भिंतीच्या कडेची फरशीची पट्टी आणि जमीन यांच्यात फट दिसते. लाकडी जमीन असेल तर चालताना ती लवते आणि कपाटातील भांडी वाजतात.

खात्री करण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. गवंडी वापरतात तो पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाईप पुरतो. समोरासमोरच्या भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करून त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि दर दोन फुटांवर दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवायचे. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा मोजायचे. आकडा तोच राहिला तर खचणे थांबलेले असू शकते; वाढत असेल तर कारण अजून जिवंत आहे. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख लिहिणे किंवा भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवणे हेही जुने आणि भरवशाचे उपाय. भेग रुंदावली की काच तडकते.

फरशीवर ठोकल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे स्लॅब खचला असे मात्र नाही. बऱ्याचदा फरशीखालचा माल सुटलेला असतो. उन्हाळ्यात फरश्या फट्दिशी उचलल्या जातात, त्यामागेही सांधे न सोडता बसवलेल्या फरश्यांचे प्रसरण हे कारण असू शकते. हा दोष वरच्या थराचा झाला. खरी तपासणी खालून होते, म्हणजे खालच्या घराचे छत पाहून.

स्लॅब किती वाकलेला चालतो?

प्रत्येक स्लॅब आणि प्रत्येक तुळई भाराखाली थोडी वाकतेच. ते गृहीत धरूनच आराखडा केला जातो. काँक्रीटच्या बांधकामासाठी असलेल्या ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार दीर्घकाळाचा परिणाम धरून एकूण वाक साधारणपणे गाळ्याच्या लांबीच्या २५०व्या भागापेक्षा जास्त असू नये. खोलीचा गाळा १२ फुटांचा असेल, तर ही मर्यादा सुमारे १५ मिलिमीटर होते. त्यामुळे पाच-सात मिलिमीटरचा उतार पाहून घाबरण्याचे कारण नाही. पण मधोमध इंचभर खड्डा असेल आणि त्याच जागी खालच्या छताला भेगा असतील, तर तो बांधकामाचा इशारा आहे.

यातील गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. दर फुटावरचा भार तेवढाच ठेवून तुळईचा गाळा दुप्पट केला, तर ती सोळापट वाकते. म्हणूनच मधली भिंत किंवा खांब काढून दोन खोल्यांची एक करणे हा केवळ सजावटीचा प्रश्न नसतो. घाटकोपरमधील सिद्धीसाई इमारत जुलै २०१७मध्ये कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, तेव्हाही तळमजल्यावरील नूतनीकरणात आधाराला हात लावल्याचा आरोप झाला होता. जाडीचे गणित याच्या उलट चालते. सहा इंच उंचीची लाकडी तुळई किडून पाच इंच राहिली, तर लाकूड फक्त सहाव्या हिश्शाने कमी झाले असे वाटते. प्रत्यक्षात तिचा ताठपणा ४० टक्क्यांहून अधिक घटलेला असतो.

काँक्रीटचा स्लॅब का झुकतो?

काँक्रीट दाब उत्तम सहन करते, ताण सहन करू शकत नाही. स्लॅब वाकला की त्याची खालची बाजू ताणली जाते आणि तो ताण खालच्या सळ्या पेलतात. म्हणजे स्लॅबचे आयुष्य या सळ्यांवर अवलंबून असते. त्यांचे रक्षण त्यांच्याखालचा काँक्रीटचा जेमतेम २० मिलिमीटरचा थर करतो. त्यालाच बांधकामाच्या भाषेत कव्हर म्हणतात. अनेक जुन्या इमारतींत हे कव्हर तेवढेही सापडत नाही, कारण ओतकामाच्या वेळी सळ्या फळ्यांना टेकलेल्या असतात.

ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या वातावरणात सळी गंजत नाही. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड आत मुरला की हा गुण संपतो. समुद्रकिनाऱ्यावर खारी हवा आणि ओतकामात वापरलेले खारे पाणी किंवा वाळू यांतून क्लोराइड येते आणि गंजण्याचा वेग वाढतो. गुरुग्राममधील दुर्घटनेनंतर आयआयटी दिल्लीने केलेल्या तपासणीतही काँक्रीटमधील क्लोराइडमुळे सळ्या झपाट्याने गंजल्याचे समोर आले. इमारत नवी आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळे.

गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो. तो फुगतो आणि खालचे काँक्रीट ढकलून देतो. आधी सळीच्या रेषेत भेग, मग तांबूस डाग, मग फुगवटा आणि शेवटी पोपडा पडून उघडी सळी, असा हा क्रम आहे. खालच्या घरात पोपडा पडला की त्यावर पुट्टी भरून रंग मारला जातो किंवा पीओपीचे छत लावून तो झाकला जातो. वरच्या घराची जमीन कशावर उभी आहे, हे त्यानंतर कोणालाच दिसत नाही.

काही दोष जन्मापासूनचे असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत, असे मानक सांगते. घाईत ते आधी काढले, तर कोवळा स्लॅब वाकतो आणि तसाच घट्ट होतो. पुढे पेलावा लागणाऱ्या सततच्या भारामुळे काँक्रीट संथपणे वाकत राहते, तेही वेगळेच. गॅलरीची गोष्ट आणखी निराळी. ती भिंतीतून बाहेर आलेली असल्याने तिचा ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळ्या वर लागतात. ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायांखाली त्या दबल्या, तर गॅलरी बाहेरच्या बाजूला झुकते. तीच गॅलरी बंद करून तिच्या टोकाला विटांचा कठडा, फरशी आणि कुंड्यांची रांग लावली की सर्वात नाजूक जागी सर्वाधिक भार जातो.

या सर्व कारणांना घाई करायला लावणारे एकच कारण असते, ते म्हणजे पाणी. न्हाणीघराचा स्लॅब अनेक ठिकाणी खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. नळाचा सांधा किंवा सांडपाण्याचा पाईप झिरपू लागला की ही भर पाणी पिऊन जड होते आणि खालचा स्लॅब बाराही महिने ओला राहतो.

वाडे आणि चाळींमध्ये काय होते?

पुणे, सातारा, नाशिक, वाई येथील वाड्यांत आणि मुंबईच्या जुन्या चाळींत जमीन लाकडावर उभी असते. वाड्यात तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर माती-चुन्याचा थर अशी कडीपाटाची रचना असते. सागाचे लाकूड कोरडे आणि हवेशीर राहिले तर शंभर वर्षेही टिकते. त्याचा शत्रू ओल आहे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला बळ मिळते, आणि ओलीच्या वाटेने वाळवीही येते.

तुळई बहुधा मध्ये नाही, तर टोकाला कुजते. भिंतीत गाडलेले टोक पावसाची ओल शोषते, त्याला हवा मिळत नाही आणि ते दिसतही नाही. मधोमध ठोकून पाहिले तर लाकूड टणक लागते, टोकाला मात्र पेचकस सहज आत जातो. दुसरी हमखास जागा म्हणजे मोरी. पूर्वी मोरीत घागरभर पाणी सांडत असे; आता तेथे नळ, गिझर, कपडे धुण्याचे यंत्र आणि प्लास्टिकची टाकी आली. हजार लिटरच्या टाकीतील पाण्याचेच वजन एक टन असते. शिवाय दर पिढीने जुन्या जमिनीवर नवा थर चढवलेला असतो: मातीवर शहाबादी, तिच्यावर मोझॅक आणि त्यावर चकचकीत टाइल. लाकूड दरवर्षी थोडे क्षीण होते आणि त्याच्यावरचा भार मात्र वाढत जातो.

मुंबईत हा प्रश्न घराघरापुरता नाही. १९६९च्या कायद्यानंतर शहर बेटावरील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या आणि त्यांतील बहुसंख्य १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुनर्विकासामुळे संख्या घटली असली, तरी हजारो कुटुंबे आजही अशा जमिनींवर राहतात. म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. यादीत नाव नाही म्हणून आपल्या खोलीची तुळई सुस्थितीत आहे, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

तळमजल्याची जमीन का बसते?

येथे दोष बहुधा स्लॅबचा नसून मातीचा असतो. घर पायावर उभे असते. तळमजल्याची जमीन मात्र जोत्यात टाकलेल्या भरावावर असते. हा भराव सहा-आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि चोपून करायचा असतो. प्रत्यक्षात डंपरने राडारोडा ओतला जातो, वर काँक्रीट होते आणि दोन पावसाळ्यांत जमीन खाली बसते. भिंती सरळ, पण जमीन खोल, अशी खूण दिसली तर भरावावर संशय घ्यावा. फुटलेली गटारवाहिनी माती वाहून नेते, घुशी बिळे करतात आणि फरशीखाली पोकळी तयार होते.

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर जमिनीबरोबर भिंतीही हलतात. भिंतीत तिरकस भेगा पडून त्या ऋतूनुसार उघडत-मिटत असतील, तर नुसती फरशी बदलून काहीही साधणार नाही.

वरून नवी फरशी टाकून सपाट केले तर काय बिघडते?

याचे उत्तर वजनात आहे. राहत्या घराच्या जमिनीवर माणसे आणि सामानासाठी दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरला जातो, म्हणजे चौरस फुटाला साधारण १८ ते १९ किलो. खोलगट जमीन सपाट करण्यासाठी सरासरी दोन इंच माल आणि वर टाइल टाकली, तर चौरस फुटाला ११ ते १२ किलो कायमचे वाढतात. दहा बाय बाराच्या खोलीत हा आकडा १,३०० किलोंच्या पुढे जातो. म्हणजे माणसांसाठी राखलेल्या क्षमतेतील निम्म्याहून अधिक वाटा न हलणाऱ्या थराने खाल्ला. शिवाय खोलगटपणा मधोमध असल्याने सर्वात जाड थर तेथेच पडतो, आणि तीच स्लॅबची सर्वात ताणलेली जागा असते. नव्या भाराने स्लॅब आणखी वाकतो आणि काही वर्षांनी पुन्हा सपाट करण्याची वेळ येते.

काम सुरू असतानाचा धोका त्याहून मोठा असतो. सिमेंटची एक गोणी ५० किलोची. अशा २० गोण्या एका कोपऱ्यात रचल्या की जेमतेम दोन चौरस मीटरवर एक टन भार येतो. त्यात वाळू, टाइलच्या पेट्या, फोडलेल्या लादीचा ढीग आणि ब्रेकर यंत्राचे हादरे मिळवले की कमकुवत स्लॅबची परीक्षा एका दुपारीच होते. वरचा स्लॅब पडला की त्याचा आघात पेलण्याची ताकद खालच्या स्लॅबमध्ये नसते. त्यामुळे एका घरातील काम संपूर्ण रांगेतील घरांवर कोसळू शकते.

दुरुस्ती कशी व्हायला हवी?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी भार उतरवायचा, मग टेकू द्यायचे, मग पाणी थांबवायचे, मग मूळ आधार दुरुस्त करायचा आणि फरशी सर्वात शेवटी. टेकू फक्त खालच्या घरात देऊन भागत नाही. तसे केले तर भार त्या घराच्या जमिनीवर जातो. तो टप्प्याटप्प्याने भक्कम जागेपर्यंत, गरज पडल्यास थेट तळापर्यंत पोहोचवावा लागतो.

काँक्रीटच्या स्लॅबसाठी स्ट्रक्चरल इंजिनीअर आधी चाचण्या घेतो. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीतून काँक्रीटच्या दर्जाचा अंदाज येतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि संरक्षण गमावलेला भाग रंगहीन राहतो. त्यानंतर सैल काँक्रीट पूर्ण काढणे, सळीचा गंज मागच्या बाजूनेही घासणे, झिजलेल्या सळीला नव्या सळीची जोड देणे, गंजरोधक लेप लावणे आणि पॉलिमरयुक्त माल किंवा मायक्रो काँक्रीट भरणे अशी कामे होतात. ताकद फारच घटली असेल तर खालून लोखंडी गर्डर देऊन गाळा निम्मा करता येतो. स्लॅब पूर्ण गेला असेल तर तो पाडून नवा घालणे हाच मार्ग उरतो. उघड्या सळीवर सिमेंटचा गिलावा मारणे ही दुरुस्ती नव्हे.

लाकडी जमिनीत कुजलेले टोक कापून नवे लाकूड जोडणे, तुळईच्या दोन्ही बाजूंना लाकूड किंवा लोखंडी चॅनेल बोल्टने आवळणे, भिंतीत दगडी किंवा लोखंडी बैठक देणे आणि वाळवीवर उपचार करणे हे उपाय आहेत. जॅक लावून जमीन उचलायची असेल, तर ती दिवसाला काही मिलिमीटर इतक्याच गतीने. वर्षानुवर्षे वाकलेले लाकूड एका दिवसात सरळ करायला गेले की वरच्या भिंती फुटतात. ती पूर्ण समतल व्हायलाच हवी, असेही नाही. पुढे खचणार नाही, एवढी खात्री पुरेशी असते. फरशी घालण्यापूर्वी जुने थर काढून वजन उतरवावे.

तळमजल्यावर मात्र फरशी उखडावीच लागते. आधी गळती शोधायची, सैल भराव काढायचा, मुरूम थराथराने चोपून भरायचा आणि त्यावर दगडांचे सोलिंग व काँक्रीट घ्यायचे. पायाच हलत असेल, तर भू-तांत्रिक सल्ल्याशिवाय खर्च करू नये.

कायदा काय सांगतो आणि कोठे कमी पडतो?

३० वर्षांहून जुन्या इमारतींसाठी महापालिका कायद्यांत स्थैर्य प्रमाणपत्राची तरतूद आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतींचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मुंबईत धोक्यानुसार इमारतींचे वर्ग केले जातात: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. खर्चाच्या वादात साधारण सूत्र असे की सदस्याच्या न्हाणीघरातील गळतीचा भार त्या सदस्यावर, आणि इमारतीच्या सांगाड्याची जबाबदारी संस्थेवर.

फट राहते ती ऑडिट आणि फरशी यांच्यामध्ये. फरशी बदलणे हे किरकोळ दुरुस्तीत मोडते, त्यामुळे पालिकेची परवानगी सहसा लागत नाही. संस्थेची परवानगी घेतली, तरी तिच्यात कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि अनामत रक्कम एवढेच असते. वजनाचा उल्लेख नसतो. १५ वर्षांहून जुन्या इमारतीत जुन्या लादीवर नवी लादी टाकायची असेल, तर खालच्या छताची पाहणी करून इंजिनीअरने दिलेले पत्र संस्थेने मागायला हवे. राडारोडा रोजच्या रोज उतरवणे आणि सिमेंट-वाळू लागेल तशी वर नेणे या अटीही त्याच पत्रात असाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. त्या पाहणीचा खर्च नव्या फरशीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. खालच्या घराने दार उघडून आपले छत दाखवणे आणि वरच्या घराने काम आठवडाभर पुढे ढकलणे, एवढे सहकार्य त्यासाठी लागेल.

घर लगेच कधी सोडावे?

दार एका रात्रीत अडकू लागले, स्लॅबमधून किंवा लाकडातून कडकड आवाज आला, भेग दिवसागणिक रुंदावू लागली, छतातून काँक्रीटचे तुकडे पडू लागले किंवा जमीन पायाखाली लवते असे जाणवले, तर इंजिनीअरची वाट पाहू नये. खोली रिकामी करावी, वरच्या-खालच्या घरांना सावध करून बाहेर काढावे आणि अग्निशमन दल व पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवावे. अशा वेळी सामान हलवण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. फरशीचे काम चालू असेल तर ते त्याच क्षणी थांबवावे. ते पुन्हा सुरू करायचे की नाही, हे इंजिनीअरने खालून पाहिल्यावरच ठरवावे.